जुमाच्या हातची किटली

हलवायचा असतो रे तो कप. ह्यांची कडू कॉफी, म्हणजे काहवा, पिऊन झाला की असा, मनगटातून जरासा हलवायचा, म्हणजे ओतणाऱ्याला कळतं बस झालं. तू आपला रिकामा कप पुढे धरून बसलास, मग मी ओतणारच ना — जोपर्यंत हलवत नाही तोपर्यंत ओतायचं, हा इथला कायदा आहे. मजलिसमध्ये, त्या बैठकीच्या खोलीत, हसले ते त्याला हसले, तुला नाही. इतका काहवा प्यायलास, आता तुला झोप कसली येते आज. बस, त्या स्टुलावरची कापडं उचल आणि बस. शटर अर्धंच राहू दे, पूर्ण वर केलं की लोक माप द्यायला आत येतात, शुक्रवार असो, जुम्मा असो की काही असो. मी इस्त्री चालू ठेवतो, माझे हात चालू असले की मला बरं ऐकू येतं. बोल. नाही — तू बोललास सगळं मघाशी गल्लीत, आता मलाच बोलायला पाहिजे. बरं.

तुझं तोंड बघत होतो मी. सगळ्यांना देत देत उजवीकडून तुझ्यापर्यंत आलो, तर तू उठायला लागलास, माझ्या हातातली किटली घ्यायला — हमूदने, माझ्या मालकाने, तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला म्हणून बसलास. त्याने प्रेमानेच ठेवला. पाहुणा आहेस तू त्याचा. आणि बाहेर आल्यावर तू मला काय म्हणालास — बाबा, ही गुलामी आहे. भिंतीला लागूनच उभा होतास त्याच्या. मोठ्याने म्हणालास. बरं झालं मराठीत म्हणालास. आता त्या भिंतीच्या आत, त्याच घरात, खरे गुलाम होते, हे तुला कुठे ठाऊक? तुला कोण सांगणार? मस्कतला उतरलं की मोठाले रस्ते दिसतात, मॉल दिसतात, तुझी ती काचेची कंपनी दिसते. तुम्ही म्हणता गुलामी म्हणजे पुस्तकातली, अमेरिकेतली. मी तर एकाच्या दिशदाशा, हे पायघोळ झगे, शिवल्यात. गळ्याचा गोंडा त्याला थोडा लांब लागायचा, अत्तरात बुडवून तो नाकाशी धरायचा म्हातारा. जुमा. तुझ्या बहिणीने, मेहविशने दुकानाचा फोटो मागितला होता बघ, त्यात माझ्यामागे उंच काळा म्हातारा उभा आहे, हसतोय — तोच.

ह्या घरात जन्मला तो. त्याच्या आजीला गलबतात घालून आफ्रिकेतून आणलेली. हमूदच्या आजोबांचा, म्हणजे म्हाताऱ्या शेखचा होता जुमा — होता म्हणजे, हे शिलाईमशीन कसं माझं आहे, तसा. खजुराची बाग बघायची, फलजच्या, म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळायची, आणि जुम्म्याला मजलिसमध्ये काहवा ओतायचा. त्याला नावाने कुणी बोलवत नसे. वलद, म्हणायचे. म्हणजे पोरा. दाढी आली तरी पोरा. ही काही हजार वर्षांपूर्वीची गोष्ट नाही रे झैन, माझ्या जन्माच्या आसपासची आहे. तेव्हा ह्या मुलखात रेडिओसुद्धा उघड्यावर ऐकायची बंदी, शेख मजलिसचं दार लोटून ऐकायचे. आणि तिकडे दक्षिणेला, धोफारच्या डोंगरात, बंड पेटलेलं. इन्कलाब म्हण, क्रांती म्हण. एक दिवस एडनच्या रेडिओवरून सांगितलं — आमच्या डोंगरात आजपासून कोणी कोणाचा गुलाम नाही, कोणी कोणाचा मालक नाही. जुमा किटली घेऊन मधोमध उभा. शेखनी रेडिओ बंद केला आणि जुमाकडे बघितलं. जुमाने काय केलं? ज्याचा कप पुढे होता त्याचा भरला. दुसरं काय करणार, किटली गरम होती.

पण ऐकलं ते ऐकलंच ना. आणि गंमत सांगू, ऐकलं गुलामांनी आणि बदलले मालक. दुसऱ्या दिवसापासून शेख त्याला जुमा म्हणायला लागले. त्या ईदला नवं कापड मिळालं. बंदुका मात्र आतल्या खोलीत गेल्या, कुलपात. भीतीने माणूस नरम होतो, जुमा सांगायचा, आणि नरम झाला की त्याला स्वतःलाच वाटतं आपण चांगले आहोत. हे मी इथे बसून त्याचं माप घेताना ऐकलंय. तो हे हसत हसत सांगायचा, मीही हसायचो.

जुमाचा मोठा भाऊ होता, मबरूक. तो तापट. तो म्हणाला, मी चाललो डोंगरात, चल तू. जुमा म्हणाला, येतो, पण उद्या फलजचं पाणी आपल्या बागेला यायचंय, ती पाळी चुकली तर झाडं सुकतील, पाणी देतो आणि मागून येतो. कोणाची झाडं? शेखची. मबरूक थांबला नाही, उंटवाल्यांबरोबर निघून गेला. जुमाने दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. मग काय, फलजची पाळी एकदा होऊन संपते थोडीच — पुढची येते, तिच्यानंतरची येते. प्रत्येक पाळीला तो म्हणायचा एवढी झाली की निघतो. मी त्याला विचारलं होतं, जुमा, खरंच जायचं होतं का तुला? तर म्हणाला, हो, अगदी खरंच जायचं होतं. आणि खरं बोलत होता तो, मला माहितीय.

मग नवे सुलतान आले. त्यांनी सगळ्या देशात जाहीर केलं, गुलामी खलास. मबरूकचं म्हणणं असं की हे काही त्यांनी मनाने दिलं नाही, आम्ही वर डोंगरात म्हणालो म्हणून ह्यांना खाली म्हणावं लागलं. नाहीतर सगळे गुलाम चढले असते डोंगर. असेलही. नसेलही, चांगला राजा होता, रस्ते केले, शाळा काढल्या. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच माहितीय की बंड हरलं आणि बंडवाल्यांचं बोलणं मात्र राहिलं. जुमाला कसं कळलं सांगू? शेख मस्कतहून आले, मजलिसमध्ये बसले, जोडे काढले आणि म्हणाले, जुमा, आजपासून तू आझाद आहेस, काहवा आण. एका दमात. जुमा म्हणतो मी जरा थांबलो, दोन गोष्टी सांगितल्यात, आधी कोणती करायची. मग काहवा आणला, कारण ती करता येण्यासारखी होती.

ऐकतोयस ना? फोन ठेव. ठेव, अम्मीचा असेल तरी ठेव, नंतर लाव.

मबरूक परत आला, बऱ्याच वर्षांनी. बंड मोडलं तेव्हा शरण आला, सरकारने माफ केलं, मस्कतच्या बंदरात नोकरी दिली. डोंगरातल्या गुहेत शाळा भरायची, तिथे लिहायला-वाचायला शिकलेला. एका ईदला इथे इब्र्यात आला, पांढरीशुभ्र दिशदाशा, कमरेला खंजर, सरळ मजलिसमध्ये येऊन पाहुण्यांच्या ओळीत बसला. आणि कोण आलं समोर किटली घेऊन? भाऊ. तोवर जुमा आझाद होऊन किती काळ लोटला होता, लग्न झालेलं, पोरं शाळेत. तरी जुम्म्याला आणि ईदला किटली त्याच्याच हातात. मबरूकने कप घेतला. प्यायला. पुढे धरला. जुमाने भरला. प्यायला. पुढे धरला. हलवेचना. तुला माहीत नव्हतं म्हणून तू हलवला नाहीस, त्याला तर माहीत होतं ना. सगळी मजलिस बघतेय, शेख बघताहेत, आणि तो एकामागून एक पितोय. त्याला काय पाहिजे होतं कळलं का? किटली रिकामी व्हायला पाहिजे होती. रिकामी झाली की जुमा खाली ठेवेल, ठेवली की त्याच्या शेजारी बसेल. झाली रिकामी. शेवटचा थेंब पडला. आणि जुमा आत गेला आणि दुसरी भरून घेऊन आला.

मबरूकने मग कप हलवला. उठला, भावाच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि गेला. परत कधी ह्या घरात आला नाही. जुमा हे सांगायचा तेव्हा हसायचा नाही. मी म्हटलं, अरे, बसायचं होतंस थोडं त्याच्याजवळ. तर म्हणाला, पाहुणे होते अजून.

हं, आता तू विचारशील, जुमाची किटली तुमच्या हातात कशी आली. ते तुझ्या अम्मीलाही सांगितलेलं नाही मी. जुमा वारला ना, त्याची दुखवट्याची बैठक हमूदने आपल्याच मजलिसमध्ये ठेवली. घरातलाच माणूस म्हणाला. मला वाटतं खरंच वाटत होतं त्याला. जुमाचे दोघे मुलगे दारापाशी बसलेले, लोक येताहेत, हात मिळवताहेत. थोरला पोलिसात आहे, धाकटा बँकेत. गर्दी झाली. खजूर फिरले. आणि किटली आपली तिथेच, कोपऱ्यात, निखाऱ्यांवर. कोण ओतणार? ज्याने ओतायचा त्याचीच तर बैठक. हमूदची मुलं आपल्या बापाकडे बघताहेत. बागेतला बंगाली गावी गेलेला. जुमाचे मुलगे मान खाली घालून — सगळ्यांची नजर कुठेही आहे, किटलीकडे नाही, म्हणजे बघ किती होती किटलीकडे. आणि मी उठलो. कोणी सांगितलं नाही, देवाशपथ कोणी डोळ्यानेसुद्धा खुणावलं नाही. मी दाभोळचा माणूस. आपल्याकडे मय्यतीच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, शेजारीच वाढतात, ज्याचा हात मोकळा तो उठतो. हुसैनमियाँच्या घरी मी नव्हतो का पाणी भरत तीन दिवस? त्यात कमीपणा कसला. तेच केलं मी. डाव्या हातात किटली, उजव्या हातात कप, जुमासारखेच. आणि मी त्याच्या थोरल्या मुलाला पहिला कप दिला, तेव्हा त्याने श्वास सोडला. इतका वेळ धरून ठेवलेला. मी जवळ होतो, मला ऐकू आला.

तो श्वास मला तेव्हा कळला नाही. पुढच्या जुम्म्याला कळला. नमाजनंतर मी गेलो, जसा नेहमी जातो, जाऊन आपल्या जागेवर बसावं म्हणून — तर माझ्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं, आणि किटली दाराजवळ, तोटी माझ्याकडे करून ठेवलेली. बस. एवढंच. कोणी जुलूम केला नाही, कोणी हुकूम केला नाही. मी उचलली.

नाही, राग नाही आला. काहीच नाही आलं. तू मघापासून विचारतोयस ना, बाबा, तुम्हाला काही वाटत नाही का — नाही वाटत. सुई बोटात जाते ना, पहिली काही वर्षं दुखतं. हे बघ बोट, इथे आता काढल्यावर कळतं, गेली होती म्हणून.

कुठे चाललास? बस. हमूदशी काय बोलणार आहेस तू? नियम बदलला, नोकरी सोडायला मालकाची एनओसी लागत नाही, मला माहितीय, तू स्वतः कंपनी सोडलीस तेव्हा मला फोनवर सगळा नियम वाचून दाखवलास. तुला झाला त्याचा फायदा, चांगलं झालं, अल्लाह बरकत देवो. पण हमूदवर ओरडू नकोस. तुझी अम्मी त्याला कसाई म्हणते, तू मालक न म्हणता अर्बाब अर्बाब करतोस दात खाऊन, तो तसा नाहीये. सज्जन माणूस आहे. मला कधी नावाने हाक नाही, अम्म बाबा म्हणतो, म्हणजे काका. त्यानेच तर म्हटलं, अम्म बाबा, पुष्कळ झालं, आता घरी जा, व्हिसा मी कॅन्सल करतो, तिकीटही मीच —

काही नाही. म्हणाला असंच.

ईदला म्हणाला. नाही, ह्या नाही. मागच्याही नाही रे. बस ना तू. जुमा गेला त्यानंतरच्या पहिल्या ईदला.

हो. मेहविशच्या निकाहच्या आधी.

ओरडू नकोस, बाहेर लोक आहेत. हो, मी म्हणालो होतो सोडत नाही. तुम्हाला म्हणालो आणि त्याला म्हणालो, गावी घराचं काम काढलंय, अजून थोडी वर्षं राहू दे. दोघांनाही पटलं. खोटं बोलायला फार कष्ट पडले नाहीत, आखातातल्या माणसाचं हे वाक्य तयारच असतं — रजा देत नाही, सोडत नाही. त्याच्यापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. पूर्वी ते खरं होतं. मोठ्या अब्बांच्या मय्यतीला खरंच नव्हतं सोडलं हमूदच्या बापाने. मग कधी ते खरं राहिलं नाही, मला सांगता नाही येणार. निकाहला तू वली म्हणून बसलास माझ्या जागी. मी व्हिडिओ बघितला, इथेच, मशीनला फोन टेकवून. चांगला बोललास. कबूल है झालं तेव्हा मेहविशने मान वर करून इकडे-तिकडे बघितलं, तेही दिसलं. वाईट वाटलं का? वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघितली वाटायची. मग एक गिऱ्हाईक आलं.

शेवटचा गावी आलो होतो, आठवतं? तू बारावीत होतास. पहिल्याच सकाळी तुझी अम्मी चहा घेऊन आली आणि मला विचारलं, साखर किती घेता हो तुम्ही? वाईट मनाने नाही विचारलं. तिला माहीत नव्हतं, कुठून माहीत असणार. मी बांधलेलं घर, आणि त्यात मीठ कुठे, दिव्याचं बटण कुठे, मला ठाऊक नाही. मी उठलो की सगळे उठायचे, बसलो की गप्प व्हायचे. तू खोलीत यायचास आणि काही घ्यायला आल्यासारखं करून जायचास. महिनाभर मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसून काढला. इथे निदान — इथे माझ्या हाताला माहितीय काय कुठे आहे. अंधारात कात्री मिळते. मजलिसमध्ये कोणाला काहवा कडू लागतो, कोणाला वेलचीचा वास सोसत नाही, मला माहितीय. हे काही फार मोठं नाही, मी म्हणत नाही मोठं आहे. पण तेवढंच आहे.

जुमाला मी एकदा विचारलं होतं, आझाद झालास त्या दिवशी संध्याकाळी काय केलंस? म्हणाला, वेशीपर्यंत चालत गेलो, उभा राहिलो, सगळीकडे रस्ते होते, मग परत आलो. मी तेव्हा मनात म्हटलं, काय मूर्ख आहे. मी तरुण होतो, मला वाटायचं मला एकदा कोणी जा म्हणू दे, मग बघा.

हो. अम्मीचं मला कळलं. कळलं म्हणतोय ना. पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मदतीला येणारी हवाबी उठवते तेव्हा उठते. तू सांगितलंस, मेहविशने सांगितलं. आणि तिने स्वतःहून म्हटलं, त्यांना आणा. आत्तापर्यंत कधी म्हणाली नाही. एकदाही नाही. दर्ग्यावर जाऊन मन्नत मागते म्हणे — कशाची, तर अर्बाबच्या मनात रहम यावा. माझ्यासाठी नाही मागत, त्याच्यासाठी मागते. खुबा मोडलेला असतानाही हवाबीच्या हातून धागा पाठवला बांधायला. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी गळ्याची पट्टी कापत होतो, आणि सरळ कापली.

तिकीट तिकडे ठेवू नकोस. घे परत, खिशात घाल. झैन, बेटा, मी तिथे येऊन काय करू? तिला उठवायचं कसं, बसवायचं कसं, कुठे हात लावला की दुखतं — हवाबीला माहितीय, मला नाही. ती मला सांगेल, इथे धरा, तिथे धरा, आणि मी धरेन, आणि तिला लाज वाटेल. परक्या पुरुषाने धरल्यासारखी. ती दाराकडे डोळे लावून वाट बघते आहे ना, ती कोणाची? जो मी तेव्हा घरातून निघालो, त्याची. त्याला मी नाही घेऊन येऊ शकत.

पुरे झालं. शेवटची ही बाही इस्त्री केली की मला जायचंय, हमूदकडे संध्याकाळी सोहारहून पाहुणे यायचेत. तू निघ. त्याच्या दारावरून जाऊ नकोस, मागच्या रस्त्याने जा, डोंगरातल्या वळणांवर गाडी जपून चालव. आणि तिचा फोन येईल — तुझं तिला पटतं, माझं पटणार नाही — तिला सांग, तू स्वतः त्याच्यासमोर उभा राहिलास, हात जोडलेस, पाया पडलास, आणि तरीही अर्बाब सोडत नाही.